ग्लेनिसचा ओढा

ग्लेनिस प्राउझने नवऱ्याला ओढ्यावर बोलावणं सोडून दिलं, आणि त्याच्या दुसऱ्याच वर्षी तो आपणहून आला.

एकोणीस वर्षं ती त्याला विचारत होती. महिन्याचा दुसरा शनिवार उजाडला, की गुडघ्यांना बांधायच्या गाद्या, हातमोजे आणि बोथट झालेली सुरी पिशवीत टाकताना ती म्हणायची, "येतोस का रे?" आणि नेव्ह वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणायचा, "आज क्लबात सामना आहे." त्याचा क्लब म्हणजे हिरवळीवर जड गोळे गडगडवणाऱ्या म्हाताऱ्यांचा. पांढरे कपडे, पांढरी टोपी, दुपारी बिअर. मग त्या क्लबाची जागा विकली गेली, हिरवळीवर तीन मजली घरं उभी राहिली आणि नेव्हचे शनिवार मोकळे पडले. दोन महिने त्याने न करकरणाऱ्या दारांना तेल घातलं, न गळणारे नळ उघडून पुन्हा बसवले. मार्चमधल्या एका सकाळी तो बूट चढवून दारात उभा राहिला.

"चल," तो म्हणाला. "बघू तरी तुझं जंगल."

ग्लेनिसला फार आनंद झाला. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे जे झालं त्यामुळे ही गोष्ट तिची तिलाच खरी वाटेनाशी झाली.

कॉरिगन ओढा त्यांच्या घरापासून चार गल्ल्या खाली, घरांच्या मागच्या घळीतून वाहतो. ग्लेनिस तिथे पहिल्यांदा उतरली तेव्हा घाणेरी डोक्याएवढी वाढली होती, आणि खाली जमीन म्हणून दिसत नव्हती. सगळीकडे ट्रॅडचा हिरवागार गालिचा. दिसायला गोड, पांढरी फुलं येणारं, पण एक कांडी मागे राहिली तरी महिन्याभरात पुन्हा हातभर पसरणारं तण. तिने आणि इस्मे वॉटरहाउसने, दोघींनीच, वरच्या चांगल्या रानापासून सुरुवात केली आणि टीचभर टीचभर करत खाली सरकल्या. कुणी झाडं आणून लावली नाहीत. तण निघालं तिथे जुनी रानटी रोपं आपली आपण उगवून आली. आता इस्मे चौऱ्याऐंशी वर्षांची होती; उलट्या बादलीवर बसून हाताच्या टप्प्यातलं तण काढायची. बाकी स्टाव्हरोस होता, दोन निवृत्त शिक्षिका होत्या, आणि कौन्सिलकडून, म्हणजे गावच्या नगरपालिकेकडून, येणारी किरिली, रानाचं रीतसर शिक्षण घेतलेली. गटाची प्रमुख ग्लेनिस. मतदान वगैरे कधी झालं नव्हतं. ओढा म्हटला की ग्लेनिस, इतकं ते सरळ होतं.

नेव्ह चौतीस वर्षं बंदरातल्या फेरीबोटींवर इंजिनं सांभाळत होता. रानातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्याच शनिवारी त्याने चहाच्या वेळेपर्यंत सगळ्यांच्या सुऱ्या गोळा केल्या आणि खिशातल्या दगडावर घासून त्यांना अशी धार लावली, की स्टाव्हरोस म्हणाला, "दोस्ता, इतकी वर्षं होतास कुठे? आम्ही काय लोणी कापायच्या सुऱ्यांनी जंगल साफ करत होतो!"

"बायकोने बोलावलंच नाही," नेव्ह म्हणाला.

सगळे खदाखदा हसले. ग्लेनिसही हसली.

दुसऱ्या महिन्यात त्याने लाल भोपळ्याचे स्कोन, छोटे गोल पाव, करून आणले. घरात अंडं उकडायचं तरी "ग्लेनिस, किती मिनिटं?" विचारणारा माणूस! स्कोन अजून गरम होते. शिक्षिकांनी कृती लिहून घेतली. ग्लेनिस वीस वर्षं दुकानातली बिस्किटं आणत होती, आणि त्यांच्याबद्दल कुणी कधी वाईट बोललं नव्हतं. चांगलंही बोललं नव्हतं, हे तिला त्या दिवशी कळलं. तिसऱ्या महिन्यात त्याने जुन्या लाकडांच्या सहा पायऱ्या बसवल्या, इस्मेला उतारावर धरून न्यावं लागू नये म्हणून. इस्मे काठी टेकत एकटी खाली आली आणि त्याच्या गालावर थापट्या मारत म्हणाली, "हा मुलगा आधी का नाही आणलास गं ग्लेनिस?"

"आणत होते," ग्लेनिस म्हणाली. पण तोवर इस्मे पुढे गेली होती.

मग घुबडाचं झालं.

या घळीत मोठ्या घुबडांची एक जोडी आहे, असा ग्लेनिसचा अकरा वर्षांचा दावा होता. झाडांखाली तिला केसांच्या आणि हाडांच्या गोळ्या सापडायच्या, घुबडाने खाऊन ओकलेल्या. त्या ती डबीत भरून किरिलीला द्यायची. किरिली म्हणायची, "असणार, असणार. पण कुणी पाहिल्याशिवाय नोंद होत नाही." अकरा वर्षं ग्लेनिसने मान मोडेस्तोवर झाडं धुंडाळली होती. जूनमध्ये नेव्हच्या कमरेत उसण भरली. तो कण्हत कण्हत ओढ्याकाठच्या सपाट दगडावर उताणा पडला, आणि पडल्या पडल्या म्हणाला, "अगं, हे कोण बसलंय? हातात मेलेलं पोसम घेऊन?"

होतं. बरोबर त्याच्या डोक्यावर, गर्द फांदीत, गुडघ्याएवढं घुबड, पंजात मांजराएवढं ते पोसम, पिवळे डोळे किलकिले करून खाली पडलेल्या नेव्हकडे बघत. किरिलीने फोटो काढले. तिला अक्षरशः रडू आलं. कौन्सिलच्या पत्रकात पहिल्या पानावर छापून आलं: नेव्हिल प्राउझ यांना घुबड दिसलं. फोटोत नेव्ह दगडावर झोपलेला, बोट वर करून. गोळ्यांच्या डब्यांचा उल्लेख शेवटच्या ओळीतसुद्धा नव्हता.

आयत्या बिळावर नागोबा, असं तिच्या मनात आलं. ते पत्रक नेव्हने फ्रिजवर लावलं. रोज दुधाला हात घालताना तिला ते दिसायचं आणि रोज नाकाला मिरच्या झोंबायच्या. नेव्हने मुद्दाम काही केलं असतं तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं. तो तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "मला काय कळतंय, मी आपला आडवा झालो होतो." आणि लोकांना तो त्यासाठी आणखीच आवडायचा. चार माणसांत ती त्याच्याबरोबर उभी असली, की लोक बोलताना त्याच्याकडे बघायचे. पन्नास वर्षांच्या संसारात तिला कधी त्याच्या कुठल्या गोष्टीचा हेवा वाटला नव्हता. त्याच्या गोळ्यांच्या सामन्यांचे चषक ती स्वतः पुसायची. पण ते त्याचं अंगण होतं, आणि हे तिचं.

सप्टेंबरातल्या शनिवारी किरिलीला आधी दुसऱ्या एका गटाकडे जायचं होतं. ती अकराला येणार होती. सकाळ ढगाळ होती. सगळे पायऱ्यांजवळ हातमोजे चढवत उभे होते, तेव्हा स्टाव्हरोस म्हणाला, "कौन्सिलला पुढल्या वर्षासाठी प्रमुखाचं नाव कळवायचंय. ग्लेनिसने पुष्कळ वर्षं ओझं वाहिलं. मी म्हणतो, आता नेव्हला द्या. काय?"

"छे छे," नेव्ह म्हणाला. "मला पालक आणि पेरू यातला फरक कळत नाही."

"तो ग्लेनिस सांगेल की," एक शिक्षिका म्हणाली.

ग्लेनिस इस्मेकडे बघत होती. घाणेरीत हातपाय ओरबाडून घेत जिच्याबरोबर तिने पहिलं वर्ष काढलं ती इस्मे. इस्मे बादलीवर बसता बसता म्हणाली, "चांगलं होईल. ग्लेनिसलाही जरा विसावा. आणि खरं सांगू का, नेव्ह आल्यापासून इथे मजा येते."

"बघू या," ग्लेनिस म्हणाली, आणि हसली. ते हसू तिने तोंडावर तसंच धरून ठेवलं, आणि कामं वाटून दिली. नेव्हला तिने ओढ्याच्या वळणावरचा उतार दिला, ट्रॅडने भरलेला.

त्या उताराच्या पायथ्याला एक ओलसर सपाटी होती, दोन खाटा मावतील एवढी. तिथे निळा केना होता. या मातीतला, मूळचा. सात वर्षं त्या सपाटीतून ट्रॅडची कांडी न् कांडी वेचल्यावर तो आपोआप उगवला होता, आणि उन्हाळ्यात, म्हणजे इथे डिसेंबर-जानेवारीत, सकाळी तिथे निळ्या फुलांचा सडा पडायचा. फूल असलं म्हणजे तान्हं पोरही ओळखेल. पण सप्टेंबरात फूल नसतं. नुसती पानं बघितली तर केना आणि ट्रॅड जुळ्या बहिणींसारखे. केन्याचं पान जरा अरुंद, चमक जरा कमी. एवढंच. खुणेच्या झेंड्या रोवलेल्या ग्लेनिसला आवडत नसत. ती जागा सगळ्यांना ठाऊक होती. नेव्हला नव्हती.

ती वर, दहा पावलांवर, प्रिव्हेट या परक्या झुडपाचं एक रोप कापत होती. थोड्या वेळाने तिने खाली पाहिलं. उतार संपवून नेव्ह सपाटीत शिरला होता. गुडघ्यांवर बसून, जीभ ओठांत धरून, फार मन लावून तो केना उपटत होता. मुळांसकट, तिने शिकवलं होतं तसं.

ती तोंड उघडणार होती. खरंच उघडणार होती. तेवढ्यात नेव्हने मूठभर वेल वर धरून हाक मारली, "ग्लेनिस! हेच ना गं?"

त्याच्या हातात केना होता. तिला तो स्पष्ट दिसत होता.

"हं," ती म्हणाली.

आणि पुन्हा प्रिव्हेटकडे वळली. तिचे हात काम करत राहिले. मागून ओल्या मुळांचा फटफट आवाज येत होता, पोत्यात पडण्याचा. प्रत्येक आवाजासरशी तिच्या आत, तिला स्वतःला लाज वाटेल असं, काहीतरी गार आणि सुखाचं पसरत होतं. येऊ दे किरिलीला. बघू दे सगळ्यांना, यांचा प्रमुख.

पाऊण तासाने किरिली आली. ती पायऱ्या उतरताना शीळ घालत होती. सपाटीपाशी शीळ थांबली. तिने पोत्यात हात घालून मूठभर वेल बाहेर काढला, पान उलटं केलं.

"हे कुणी काढलं?"

"मी," नेव्ह उठत म्हणाला. "तीन पोती झाली. कमरेचं काही खरं नाही आज."

"नेव्ह, हा केना आहे. आपला केना. हे ट्रॅड नाही."

नेव्हला समजायला वेळ लागला. मग त्याचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. त्याने हातमोजे काढले, पुन्हा घातले. "सगळा?" त्याने विचारलं.

"जवळजवळ सगळा. अहो, शंका आली तर विचारायचं ना कुणाला तरी! ग्लेनिस इथेच होती."

नेव्हने वर पाहिलं. ग्लेनिसने त्याच्या नजरेला नजर दिली नाही, पण ती नजर आपल्यावर थांबलेली तिला कळत होती. ती वाट बघत होती. आता तो सांगेल. सांगू दे.

"माझीच चूक," नेव्ह म्हणाला. "मी कुणाला विचारलंच नाही. म्हातारा हट्टी माणूस, दुसरं काय."

मग जे झालं ते ग्लेनिसच्या हिशोबात नव्हतं. स्टाव्हरोसने येऊन त्याच्या खांद्यावर हात टाकला. "मी पहिल्या वर्षी अख्खी नेच्यांची रांग उपटली होती, दोस्ता. वर फोटोपण काढून घेतला." शिक्षिकांनी त्याला बळेच बसवून चहा दिला. इस्मे बादलीवरून उठून त्याच्यापाशी गेली. किरिलीसुद्धा म्हणाली, "चिडले मी, माफ करा. मुळं राहिली असतील थोडी." सगळे त्याच्याभोवती. उतारावर हातात सुरी धरून उभ्या असलेल्या ग्लेनिसला कुणीच काही विचारलं नाही. ज्या सपाटीसाठी तिने सात वर्षं घातली ती उघडी पडली होती, आणि तिच्या वाट्याचं सांत्वनसुद्धा नेव्हलाच मिळत होतं.

चार गल्ल्या चढून दोघं घरी आली. नेव्हने बूट काढले, हात धुतले, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला.

"मी विचारलं होतं तुला," तो म्हणाला.

"हो."

"तू पाहिलंस माझ्या हातात काय होतं ते?"

"पाहिलं."

त्याने टेबलावरची मिठाची बाटली बाजूला सरकवली. "मला वाटलं, तुझं लक्ष नसेल. वाटेवर तेच घोकत आलो. लक्ष नव्हतं तिचं, लक्ष नव्हतं."

"लक्ष होतं, नेव्ह."

"का गं?"

आणि मग तिचा बांध फुटला. स्कोन, सुऱ्या, पायऱ्या, घुबड, इस्मे. सगळं एकात एक गुंतून बाहेर पडलं. बोलताना तिचं तिलाच ते इतकं क्षुल्लक वाटत होतं की तिचा आवाज आणखीच चढत होता. "माझ्या गोळ्यांच्या अकरा डब्या! एकाने तरी नाव घेतलं? तू आपला कंबर धरून पडलास आणि तुझा फोटो!"

"तूच बोलवत होतीस ना मला? एकोणीस वर्षं!"

"ये म्हणत होते," ग्लेनिस म्हणाली. "असा ये म्हणत नव्हते."

नेव्हला हसू आलं असतं, एखाद्या दुसऱ्या दिवशी. तो उठला आणि फ्रिजवरचं पत्रक काढून, नीट घडी घालून, खणात ठेवलं. त्याने ते टराटरा फाडलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

"सगळ्यांसमोर सांगितलं का नाहीस?" तिने विचारलं.

"ते तुझे लोक आहेत," तो म्हणाला. "मला काय, मी कालचा आलेला."

ऑक्टोबरात तो ओढ्यावर गेला नाही. "कंबर," ग्लेनिसने सांगितलं, आणि सगळ्यांनी त्याच्यासाठी निरोप दिले, औषधी तेलाची नावं दिली. ती सपाटीत गुडघे टेकून बसली. मोकळ्या मातीत जे पहिलं उगवलं होतं ते ट्रॅड. तुटकी कांडी कुठूनतरी वाहून आली होती आणि मोकळी जागा बघून तरारली होती. त्यातच कुठे कुठे केन्याचा एखादा कोंब होता, दोरीसारखा बारीक. ती बुधवारीही एकटी येऊ लागली. नखांनी एकेक कोंब चाचपून, हा ठेव, हा काढ.

नोव्हेंबरात चहाच्या वेळी स्टाव्हरोस म्हणाला, "नेव्ह अजून त्या केन्याचं मनाला लावून बसलाय का? सांग त्याला, मूर्खपणा सोड."

"त्याने मला विचारलं होतं," ग्लेनिस म्हणाली.

"काय?"

"उपटताना. हेच ना, म्हणून विचारलं. मी हं म्हटलं. मला दिसत होतं ते काय आहे."

कुणाला समजेना. एक शिक्षिका म्हणाली, "म्हणजे तुझं चुकून..."

"चुकून नाही. मला त्याचा हेवा वाटत होता. त्याची फजिती व्हावी म्हणून गप्प बसले. तो माझ्यासाठी खोटं बोलला."

झाडीत कुठेतरी एका पक्ष्याने चाबूक ओढल्यासारखा आवाज काढला. स्टाव्हरोसने आपल्या कपातला चहा मातीत ओतला. त्याच्या तोंडून एकदाही विनोद निघाला नाही, आणि त्यावरून ग्लेनिसला कळलं की प्रकरण किती गंभीर आहे. ती इस्मेकडे वळली.

"माझीच जागा होती ती," ती म्हणाली. "माझंच नुकसान केलं मी."

"तुझी?" इस्मेचा आवाज फार शांत होता. "त्या सपाटीत माझेही गुडघे गेलेत, ग्लेनिस. तुझी एकटीची नव्हती ती कधी."

एवढंच बोलून इस्मे आपली बादली उचलायला वाकली. ग्लेनिस मदतीला पुढे झाली, तर तिने मान हलवली आणि स्वतःच उचलली.

पुढल्या वर्षासाठी स्टाव्हरोसचं नाव कौन्सिलला गेलं. ग्लेनिसला कुणी काढलं नाही, कुणी टाकून बोललं नाही. तिला काम वाटून दिलं जाई, ते ती करी. इस्मे फेब्रुवारीपर्यंत तिच्याशी हवापाण्यापलीकडे बोलली नाही. मग एका शनिवारी काठीने जवळची जागा दाखवत म्हणाली, "बस इथे. माझ्या डाव्या बाजूचं मला दिसत नाही हल्ली." ग्लेनिस बसली. त्या उन्हाळ्यात सपाटीत चौदा निळी फुलं आली. पूर्वी मोजायची वेळ येत नसे.

नेव्ह परत आला नाही. पण घरीही बसला नाही. टेकडीपलीकडे, खाडीच्या तोंडाशी दुसरा एक गट होता, पंचवीस-तीस माणसांचा, ग्लेनिसने कधीच न पाहिलेली तिथली दलदल सांभाळणारा. त्यांना लाकडी पायवाट दुरुस्त करायला माणूस हवा होता. नेव्ह जायला लागला. शनिवारी दोघं एकदमच घराबाहेर पडत आणि कोपऱ्यावर एक डावीकडे, एक उजवीकडे. संध्याकाळी तो तिथल्या गमती सांगायचा, आणि भाजी चिरता चिरता ती ऐकायची. मध्येच कुणी त्याचं कसं कौतुक केलं हे आलं, की तिची सुरी जरा जोरात चालायची. हे त्याला कळत होतं. तो सांगायचा थांबला नाही.

एप्रिलात त्याने विचारलं, "येतेस का? या शनिवारी माणसं कमी आहेत."

तिच्या जिवावर आलं होतं. तरी ती गेली.

तिथल्या प्रमुख बाई उंच, कडक, गळ्यात शिटी अडकवलेल्या. त्यांनी ग्लेनिसकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आधी कधी केलंय हे काम?"

"थोडंफार," ग्लेनिस म्हणाली.

"मग इकडे. फक्त ही पिवळ्या देठाची. दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. शंका आली तर विचारा."

"विचारेन," ग्लेनिस म्हणाली आणि चिखलात गुडघे टेकले.

शेजारी एक गोल चेहऱ्याची बाई काम करत होती. पायवाटेवर नेव्ह काहीतरी बोलला आणि तिकडचे सात-आठजण एकदम हसले. ग्लेनिसचे कान तिकडेच होते. काय बोलला ते मात्र ऐकू आलं नाही, आणि छातीत ते ओळखीचं काहीतरी खुपलं. गेलेलं नव्हतं ते.

"हा नेव्ह म्हणजे ना," गोल चेहऱ्याची बाई डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही त्याच्याबरोबर आलात का?"

"हो," ग्लेनिस म्हणाली. "मी नेव्हची बायको."

"अय्या! मग घुबड तुम्हीच ना? तो सांगत असतो. अकरा वर्षं तुम्हाला ठाऊक होतं म्हणे, कुणी ऐकतच नव्हतं."

ग्लेनिसने मान वर केली नाही. पिवळ्या देठाचं एक रोप तिने मुळापाशी धरलं, हळूहळू हलवत सैल केलं आणि अख्खं बाहेर काढलं.

"हो," ती म्हणाली. "ते मीच."

आणि ती दुपारपर्यंत तिथे थांबली.